आउक्येचं रक्त

शोध लागल्याचा आनंद काय असतो ते वीत्स्के आटेमाला त्या मार्चमध्ये पहिल्यांदा कळलं, आणि तो तिला जेमतेम दोन दिवस पुरला.

झ्वोले शहरात जनावरांच्या रोगांची एक प्रयोगशाळा होती. तिथं ती रक्तातल्या पेशी तपासायची. त्या हिवाळ्यात ठिकठिकाणच्या गोठ्यांतून एकसारखी तक्रार येत होती. वासरू चांगलं जन्मतं, काही आठवडे नीट पितं आणि मग खंगायला लागतं. तोंडात व्रण, हिरड्या सडलेल्या, दात हलते, जुलाब थांबायचं नाव नाही. रक्त पाहावं तर रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा नुसता पूर. तरी साधी खरचटलेली जागा भरून येत नाही. पेशी आहेत, पण त्या रक्ताबरोबर वाहत पुढे निघून जातात. जखमेपाशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटायचं आणि तिथून बाहेर पडायचं, तेच त्यांना जमत नाही.

टेन ब्रुके हे तिथले प्रमुख. चिकटण्यासाठी पेशीच्या अंगावर जे प्रथिन लागतं तेच ह्या वासरांत नसावं, असा त्यांचा कयास. त्यांनी परदेशातल्या एका ओळखीच्या माणसाकडून प्रतिपिंडाची इवलीशी कुपी मागवली. हे प्रतिपिंड फक्त त्या एका प्रथिनाला जाऊन धरायचं, आणि त्याला हिरवा चमकणारा रंग जोडलेला होता. रक्तात ते मिसळायचं, जादाचं धुऊन टाकायचं, मग यंत्रात एकेक पेशी लेझरच्या झोतासमोरून सोडायची. अंगावर प्रथिन असलेली पेशी हिरवी चमकते, नसलेली काळोखात निघून जाते.

निरोगी वासराच्या पेशी झगझगीत निघाल्या. आजारी वासरांच्या पेशी एकूण एक काळ्या. वीत्स्केनं परत परत करून पाहिलं. टेन ब्रुके मागे उभे होते. ते हळूच म्हणाले, "सापडलं, पोरी." एरवी ते कुणाला पोरी म्हणत नसत.

मग वासरांच्या वंशावळी मागवल्या. दोष आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच वासरू आजारी पडतं. एकीकडूनच आला तर जनावर धडधाकट राहतं आणि दोष गुपचूप पुढे देतं. तेव्हा दोन्ही बाजूंना कोण सामाईक आहे ते पाहायचं होतं. कागद टेबलावर पसरले आणि वीत्स्केनं काही बोलायच्या आत टेन ब्रुकेंचं बोट एका नावावर थांबलं. आजारी वासरू कुठल्याही गोठ्यातलं असो, आईकडे एकदा आणि बापाकडे एकदा तेच नाव होतं. एडेल.

एडेल हा तिच्या वडिलांचा वळू.

बोल्सवार्डच्या पलीकडे, जिथे कुरणं आणि पाण्याचे चर ह्यांखेरीज नजरेला काही अडत नाही, तिथं बाउके आटेमाचा गोठा होता. बाउकेच्या आईनं लग्नात आणलेल्या एका कालवडीचं नाव आउक्ये होतं. तेव्हापासून त्या गोठ्यात जी कालवड ठेवली जाई ती आउक्येच, पुढे फक्त आकडा बदलायचा. बाउकेनं उभं आयुष्य त्या एका रक्तावर घालवलं. कुणाची कास कशी, कुणाचे खूर कसे, कोणती आजी कुठल्या वेताला अडली होती, सगळं त्याला तोंडपाठ. त्यातल्या सगळ्यात गुणी आउक्येला त्यानं अमेरिकेतून आलेल्या एका नामांकित वळूचं रेतन करवलं, आणि एडेल जन्मला. रेतन केंद्रानं तो मोठ्या मानानं नेला. त्याची संतती तीन प्रांतांत पसरली. एडेल दोन वर्षांपूर्वी मेला होता, पण स्वयंपाकघरात घड्याळाखाली त्याचा फोटो होता, आणि त्याची म्हातारी आई अजून गोठ्यात खिडकीजवळच्या जागेवर बांधलेली होती. तिला दूध नव्हतं. बाउकेसारखा हिशेबी माणूस दूध नसलेली गाय पोसतो ह्याचं गावाला नवल वाटायचं.

"केंद्राला मला कळवावंच लागेल," टेन ब्रुके म्हणाले. "पण सोमवारी कळवतो. त्याआधी तू घरी जाऊन ये."

रविवारी चर्च सुटल्यावर ती पोचली. तिचा भाऊ हिल्के वडिलांबरोबरच शेती पाहायचा. त्यानं कॉफी केली, साखरेच्या पावाचे काप मांडले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वीत्स्केनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. त्या घरात वडिलांना हाइट म्हणायचे, आणि समोर बसलेल्या वडिलांशीही तू किंवा तुम्ही न म्हणता, ते तिसरेच कुणी असल्यासारखं बोलायचे. तीच अदब.

"हाइटनं मनाला लावून घेऊ नये," ती म्हणाली. "एडेलच्या अंगात हे आहे, हे कुणालाच दिसण्यासारखं नव्हतं."

बाउकेनं कप बशीत ठेवला. "किती वासरं मेली?"

"आम्हाला कळलेली थोडीच आहेत. न कळलेली कितीतरी असतील."

"आणि लोक समजले असतील, आपलंच काहीतरी चुकलं. दूध गार पाजलं, गोठा ओला राहिला." त्यानं बशी बाजूला सारली. मग म्हणाला, "एडेलमध्ये आलं कुठून? अमेरिकेतल्या बापाकडून, की माझ्या आउक्येकडून?"

"ते सांगता येत नाही. दोघांपैकी कुणाकडून तरी."

"बाप मेला. आई गोठ्यात उभी आहे. तिचं रक्त बघ."

वीत्स्के अडखळली. टेन ब्रुकेंनी बजावून ठेवलं होतं की ह्या तपासणीतून आजारी कोण तेवढं नक्की कळतं. नुसता दोष वाहणाऱ्या जनावराच्या पेशी साधारण निम्म्या उजेडानं चमकतात खऱ्या, पण निरोगी गाईंतही कमीजास्त असतंच; दोघींच्या मधे स्पष्ट रेघ मारता येत नाही. तिनं ते वडिलांना सांगितलं, पण जरा घाईघाईत सांगितलं.

"निम्म्या चमकतात ना? मग निम्म्या आहेत का बघ," बाउके म्हणाला.

हिल्के हसला. "हाइटनं तिला कशाला कामाला लावावं? तिच्या यंत्राला नुसतं मेलेल्याचं नाव सांगता येतं."

हिल्के असाच बोलायचा, त्यात विष नसायचं. पण वीत्स्केला ते झोंबलं. ती शिकायला शहरात गेली तेव्हापासून ह्या घरात तिच्या कामाला 'काचेच्या नळ्या' म्हणायचे. आज पहिल्यांदा हाइट त्याच नळ्यांवर भरवसा ठेवून काही मागत होते. तिनं गाडीतून सुई आणि नळी आणली, गोठ्यात जाऊन आउक्येच्या मानेतून स्वतः रक्त काढलं. म्हातारीनं मान जरासुद्धा हलवली नाही.

सोमवारी तिनं तपासणी केली. टेन ब्रुके केंद्राच्या लोकांना भेटायला गेले होते. प्रतिपिंडाची कुपी तळाला आली होती, म्हणून तिनं नेहमीपेक्षा थोडं कमी घातलं. तुलनेला संस्थेच्या गोठ्यातली एकच गाय होती. आउक्येच्या पेशी त्या गाईइतक्या चमकल्या नाहीत. बऱ्याच कमी. निम्म्या म्हणाव्यात इतक्या.

नवी कुपी आली की पुन्हा करू, असं तिनं ठरवलंही होतं. पण दुपारी फोन आला.

"काय निघालं?" बाउकेनं विचारलं.

"हाइटनं थोडं थांबावं. मला परत एकदा..."

"फामके," तो म्हणाला. फामके म्हणजे मुलगी; लहानपणी तो तिला अशीच हाक मारायचा. "केंद्रातून फोन येऊन गेला. उद्या माणसं येताहेत. त्यांनी मला विचारलं तर मी काय सांगू? मला एवढंच सांग, आउक्येत आहे की नाही? हो की नाही?"

त्याच्या आवाजात अजीजी होती. त्या माणसाला आर्जव करताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. तो तिच्यावर अवलंबून आहे, ह्या एका गोष्टीनं तिला आतून भरून आलं, आणि 'माहीत नाही' हे शब्द तिला अगदी हलके, नालायक वाटले.

"हो," ती म्हणाली.

"बरं," बाउके म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

दोष असला तरी गाईंना काही होत नाही, फक्त वळू निवडताना जपायचं, हे सांगायला तिनं संध्याकाळी फोन केला. बाउकेनं ऐकून घेतलं, पण त्याचं ठरलं होतं. बाउके आटेमाच्या गोठ्यातून माणसं डोळे झाकून जनावर घेत आली होती. त्यांच्या दावणीला आता तो असलं रक्त बांधणार नव्हता. त्याच आठवड्यात त्यानं आउक्ये, तिच्या लेकी आणि नाती, सगळ्या कत्तलखान्यात धाडल्या. एक घाव दोन तुकडे.

हिल्केनं फोनवर सांगितलं ते तिला पुढे कधी विसरता आलं नाही. म्हातारी गाडीच्या फळीवर चढेना. ड्रायव्हरनं ढकललं, दोर ओढला, ती पाय रोवून उभी. शेवटी हाइट पुढे झाले, गाडीत चढले आणि नुसतं तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. मग ती त्यांच्यामागून गेली.

"तू त्यांना थांबवायला हवं होतंस," वीत्स्के म्हणाली.

"मी?" हिल्के म्हणाला. "ते म्हणाले, वीत्स्केनं बघितलंय. त्यापुढं मी काय बोलू?"

शेतकऱ्यांच्या मासिकात बाउकेचं कौतुक छापून आलं. इतर लोक दोष लपवत असताना एका माणसानं स्वतःचा गोठा रिकामा केला, असं. बाउकेनं ते वाचलं नाही. हिल्केनं दुसरीकडून गाई विकत आणल्या. त्या चांगल्या होत्या.

पुढच्या वर्षी नवी तपासणी आली. आता पेशीचा उजेड मोजायचा नव्हता. दोष जिथून उपजतो ती जनुकातली जागाच वाचता येत होती, आणि तिथं निम्मं-अर्धं असं काही नव्हतं. नवी पद्धत ताडून पाहायला टेन ब्रुकेंनी शीतपेटीतली जुनी रक्तं बाहेर काढायला सांगितली. त्यात आउक्येचंही होतं. केंद्राकडून एडेलचं साठवलेलं वीर्यही आलं होतं.

एडेलमध्ये दोष होता. आउक्येत नव्हता.

वीत्स्केनं पुन्हा केलं, मग सहकाऱ्याकडून करवून घेतलं. आउक्ये स्वच्छ होती. दोष अमेरिकेतल्या बापाकडून आला होता. बाउकेच्या आईनं आणलेल्या रक्तात कधीच काही नव्हतं.

मग तिनं आदल्या वर्षीचे आकडे काढले. चूक कुठं झाली हे कळायला तिला फार वेळ लागला नाही. म्हाताऱ्या आउक्येच्या कासेला आतून सूज असावी. तिच्या रक्तात पांढऱ्या पेशी दुसऱ्या गाईच्या मानानं कितीतरी जास्त होत्या. पेशी जास्त आणि प्रतिपिंड कमी. चार माणसांची आमटी दहा पानांत वाढावी तसं प्रत्येकीच्या वाट्याला थोडं थोडं आलं, म्हणून सगळ्या मंद दिसल्या. हे तिला त्याही दिवशी कळायला हवं होतं. तो आकडा तिच्यासमोरच होता.

"हे काही वडिलांना सांगायलाच हवं असं नाही," टेन ब्रुके म्हणाले. माणूस भला होता. "त्यानं आता काय परत येणार?"

पण काही परत आणता आलं तर, असं वीत्स्केच्या मनात होतंच. बाउकेनं आधीच्या वर्षांत काही कालवडी विकल्या होत्या. त्यांतली एखादी आउक्ये कुठंतरी चरत असेल. ती घेऊन जायची, गोठ्यात बांधायची आणि मग सांगायचं. रिकाम्या हातानं जायला तिचा पाय उचलत नव्हता. उन्हाळाभर सुट्टीच्या दिवशी ती फोन करत होती, गाडी काढून गावोगाव जात होती.

शेवटचं घर ग्रोनिंगनच्या बाजूला होतं. दार एका बाईनं उघडलं, कोरकिन नावाच्या. वीत्स्केनं गाईचा आकडा सांगितला.

"आउक्ये होय," कोरकिनबाई म्हणाल्या. "फार शहाणी गाय. पण ती नाही आता. तुमच्या वडिलांचा फोन आला होता गेल्या वर्षी. म्हणाले, माझ्याकडून तुम्हाला सदोष जनावर गेलंय, मला माफ करा."

"आणि तुम्ही लगेच..."

"बाउके आटेमा म्हणतोय म्हटल्यावर विचारायचं काय? आमचे हे म्हणाले, असा माणूस आजकाल मिळत नाही." त्यांनी वीत्स्केकडे निरखून पाहिलं. "आत या ना. रंग उतरलाय तुमचा."

तेव्हा तिला कळलं की हाइटनी एकूण एक घरी फोन केला होता. प्रत्येक दारात तिला तेच उत्तर का मिळत होतं, ते उन्हाळाभर तिनं स्वतःला कळू दिलं नव्हतं.

ऑक्टोबरात ती घरी गेली. पाणी खात्याची माणसं चर तपासायला यायच्या आधी जो तो आपापले चर साफ करतो, ते दिवस. बाउके एकटाच काठावर उभा राहून लांब दांड्याच्या आकड्यानं पाण्यातलं गवत ओढून काढत होता. हिल्के यंत्रानं अर्ध्या तासात करून देतो म्हणायचा, पण बाउकेला ते पटत नसे. वीत्स्केनं दुसरा आकडा घेतला आणि त्याच्याशेजारी उभी राहून ओढायला लागली. थोडा काठ साफ झाल्यावर तिनं सांगितलं. कुपी, पेशींची संख्या, नवी तपासणी, सगळं.

बाउकेचे हात थांबले नाहीत. थोडं गवत काठावर टाकून त्यानं विचारलं, "म्हणजे आउक्येत नव्हतं."

"नव्हतं."

"नक्की?"

"हो."

"हे 'हो' मागच्यासारखं की निराळं?"

त्यानं ते टोचून विचारलं नव्हतं. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. वीत्स्केनं आकडा काठावर टेकवला.

"निराळं," ती म्हणाली. "मागचं मला माहीत नव्हतं. हाइटनं विचारलं आणि मला तसं म्हणवेना."

बाउकेनं ओल्या गवताचा मोठा पुंजका वर ओढला. त्यातून काळं पाणी गळत होतं. "त्या दिवशी 'माहीत नाही' म्हणाली असतीस तर मी रागावलो असतो तुझ्यावर."

"हो."

"म्हणालो असतो, एवढं शिकून काय मिळवलंस?"

"हो, हाइट."

"रागावलो असतो, आणि आउक्ये राहिली असती." त्यानं पुंजका काठावर टाकला आणि आकड्यानं पसरला. "मी पण तुला थांबू दिलं नाही. तू म्हणत होतीस, परत एकदा करू दे. ऐकलं होतं मी."

त्यानं अर्धं ओझं आपल्या खांद्यावर घेतलं होतं, पण तिच्या खांद्यावरचं त्यानं हलकं झालं नाही. उलट तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं. दोघांनी चर संपवला. घरात गेल्यावर बाउकेनं हात धुतले, आणि जेवताना राईच्या पावावर चीज कापून आधी तिच्या ताटात ठेवलं.

त्यानं कोरकिनबाईंना आणि बाकीच्या सगळ्यांना पुन्हा फोन केले. ते फोन कसे झाले हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. हिल्के म्हणाला, एकदा ते रिसीव्हर कानाला लावून नुसतेच उभे होते, पलीकडून कुणी उचललाही नव्हता.

त्यानंतर बाउके बरीच वर्षं जगला. वीत्स्के नेमानं रविवारी जायची. तो तिच्याशी नीट बोलायचा, तिच्या घराची, तिच्या मुलाची चौकशी करायचा, निघताना गाडीत बटाट्याची पिशवी ठेवायचा. फक्त जनावरांविषयी एक शब्द नाही. आधी तो गाय लंगडली तरी तिला फोन करायचा; 'काचेच्या नळ्या' म्हणून हिणवायचा आणि तरी विचारायचा. ते बंद झालं, आणि काचेच्या नळ्याही बंद झाल्या. त्या शब्दांची आपल्याला कधी उणीव भासेल असं तिला वाटलं नव्हतं.

एकदा वसंतात हिल्केच्या एका गाईची कास दगडासारखी झाली. रविवार होता, तरी पशुवैद्य येऊन गेला. तरुण, नव्यानंच त्या भागात आलेला. तो स्वयंपाकघरात हात पुसत म्हणाला, "रक्ताचा नमुना झ्वोलेला पाठवतो. पण तुमची मुलगी तिथंच असते ना? ह्या काय इथंच बसल्यात. त्याच घेऊन जातील, त्याच बघतील."

वीत्स्केनं वर पाहिलं. हात पुढे करायची तिची तयारी होती.

"नको," बाउके मऊ आवाजात म्हणाला. "तिला कशाला त्रास? तुम्ही आपले टपालानं पाठवा. तिथं बघणारे दुसरे पुष्कळ असतील." आणि त्यानं तिच्या कपात कॉफी ओतली.

नमुना मंगळवारी आला. टपाल उघडण्याची पाळी नेमकी तिचीच होती. खोक्यात नळी होती, वर पशुवैद्याच्या अक्षरात आटेमा हे नाव. तिनं ती क्षणभर हातात धरली, मग शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याकडे सरकवली.

"हे तू बघ," ती म्हणाली.

"का? तुझ्याच घरचं दिसतंय."

"हो," वीत्स्के म्हणाली आणि पुढचं खोकं उघडायला घेतलं.